मागच्या बाकावरच्या चिठ्ठ्या

"तुझ्या साइटवर मुली का येत नाहीत, सांगू?" मी म्हणाले.

परागनं मान वर केली नाही. तो की-बोर्ड उलटा धरून त्यातला चिवडा झटकत होता. "येतात की. एक आहे."

"कोण? पूजा?"

"हां, पूजा."

"पूजा म्हणजे आपल्या वर्गातला संतोष आहे. सगळ्या कॉलेजला माहीत आहे."

आता मात्र की-बोर्ड खाली आला. "तुला कुणी सांगितलं?"

"संतोषनंच. तीन मुलांनी त्याला ग्रीटिंग पाठवलंय. भलताच खूश आहे तो."

ही गोष्ट दोन हजार दोन सालची, कराडची. पराग क्षीरसागर आणि मी अकरावी सायन्सला एकाच वर्गात होतो. त्याच्या वडिलांनी एसटी स्टँडसमोरचं टेलरिंगचं दुकान बंद करून तिथं सहा मशीनचा नेट कॅफे टाकला होता. आमचं घर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, त्यामुळे माझा मुक्काम तिथंच. परागनं कुठूनकुठून शिकून एक साइट बनवली होती. नाव 'मागचा बाक'. तेरा ते अठरा वयाच्या पोरांनी तिथं आपला बाक मांडायचा, त्यावर आवडीनिवडी लिहायच्या, दुसऱ्यांच्या बाकावर जायचं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. सहा महिन्यांत एकशे बारा जण आले होते. एकशे अकरा मुलगे आणि पूजा.

"दुसऱ्याच्या नावाखाली तू बटण काय ठेवलंयस?" मी विचारलं.

"मैत्री करशील का?"

"हं. आता हेच वाक्य इथं उभा राहून मला मोठ्यानं म्हणून दाखव."

परागनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचे कान लालभडक झाले.

आजच्या मुलांना यातली मेख कळायची नाही. तेव्हा 'माझ्याशी मैत्री करशील का' हे वाक्य मुलगे क्लास सुटल्यावर सायकल स्टँडपाशी म्हणायचे, हातात कार्ड धरून, मागं चार मित्र उभे करून. मुलगी एकतर नाही म्हणायची, नाहीतर घरी जाऊन रडायची. ज्यांची खरोखरच मैत्री होती त्यांतल्या एकानंही ते वाक्य जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. आणि हा शहाणा तेच बटणावर लिहून मुलींची वाट बघत बसला होता.

"मग काय लिहू? ओळख करून घ्या?"

"वधूवर सूचक मंडळ आहे का?"

"सदस्य व्हा?"

"पतसंस्था आहे का?"

"मग तूच सांग की!"

मी विचार केला. "दोघी बाकावर बसल्यात आणि तिसरीला बसायचंय. तेव्हा आम्ही काय म्हणतो?"

"काय म्हणता?"

"सरक की."

परागनं की-बोर्ड ओढला आणि टाइप केलं. "आणि समोरच्यानं हो म्हणायचं असलं तर?"

"बस."

एवढंच झालं. बाकी काही आम्ही बदललं नाही. पण 'सरक की' म्हणण्यात कुणाचं काही जात नव्हतं आणि 'बस' म्हणण्यात कुणी बदनाम होत नव्हतं. पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या नऊ मुली आल्या. मग इस्लामपूरच्या आल्या, विट्याच्या आल्या, फलटण, सातारा, वाई. मुली आल्यावर मुलगे किती आले ते विचारू नका. दीड वर्षात सहा हजारांच्या वर बाक झाले. पोरं कॅफेत येऊन "तीन नंबर द्या, बाकावर जायचंय" म्हणायची. आमचा एक नियम होता, अठरा पूर्ण झाली की उठायचं. त्या दिवशी सगळे मिळून निरोप समारंभ करायचे, कविता बिविता लिहायचे. मी त्या साइटची मॉनिटर होते. पासवर्ड दोघांकडंच, परागकडं आणि माझ्याकडं, आणि कॉलेजात मी त्याचा भाव खाऊन घेत होते हे कबूल करते.

दोघांनी एकमेकांना लिहायची सोयही होती, तिचं नाव चिठ्ठी. वर मोठ्या अक्षरांत पाटी: 'चिठ्ठी दोघांतच'. परागनं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "मॉनिटरला सगळ्या उघडता येतात. पण उघडायच्या नाहीत." मी एकही उघडली नाही. मोह झाला नाही असं मात्र म्हणणार नाही.

सगळ्यात जास्त मोह दीपालीच्या चिठ्ठ्यांचा व्हायचा. दीपाली जगदाळे माझी प्रॅक्टिकलची जोडीदार. हुशार, आणि गप्प इतकी की हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायलासुद्धा तिला दोनदा घसा साफ करावा लागे. मंगळवारी आणि गुरुवारी ती कॅफेत येऊन दोन नंबरला बसायची आणि तासभर एकच चिठ्ठी लिहायची. लिहायची, खोडायची, परत लिहायची. चिठ्ठी जायची विट्याच्या सुहास नावाच्या मुलाला.

"काय गं, प्रबंध लिहितीस का?" मी मागून डोकावून म्हणायची.

ती फाइल आडवी धरून पडदा झाकायची. "जा की तेजू! काम कर तुझं."

तोंड मात्र कुंकवासारखं लाल. मी सतरा वर्षांची होते. त्या वयात याचा एकच अर्थ निघतो, आणि तो मी काढला.

बारावीच्या वर्षात, जानेवारीतल्या एका शनिवारी पराग वडिलांबरोबर पुण्याला गेला. विद्यार्थ्यांसाठी पोर्टल चालवणाऱ्या तिथल्या एका कंपनीला आमचा बाक हवा होता. त्यांची दोन माणसं सोमवारी कराडला येऊन सगळं बघणार, मग साइट त्यांच्या मोठ्या सर्व्हरवर जाणार आणि पराग तिथं शिकता शिकता काम करणार, असं घाटत होतं. पराग आठवडाभर जमिनीवर नव्हता. जाताना कॅफे माझ्यावर सोपवून गेला.

दुपारी चारच्या सुमाराला जगदाळेकाका आत आले, दीपालीचे वडील. एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. कराडात त्यांचा चेहरा थोड्यांना आणि आवाज सगळ्यांना माहीत होता. चिपळूणची गाडी कितव्या फलाटावर लागली ते ते सांगायचे आणि आमच्या घरातलं दूधसुद्धा त्या आवाजावर उतू जायचं थांबायचं, असं आई म्हणायची.

"तू साळुंखेबाईंची तेजस्विनी ना?"

"हो काका."

त्यांनी खुर्ची ओढली आणि खिशातून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. आमच्या साइटचं पान होतं, छापून काढलेलं. दीपालीच्या बाकावर दोन ओळी होत्या. सुहास: सरक की! दीपाली: बस. पुढं तारीख आणि वेळ.

"भाच्यानं आणून दिलं," काका म्हणाले. "हा पोरगा कोण? आणि कुठल्या बाकावर बसली ही त्याच्यासंगं?"

"काका, हा बाक खरा नाहीये."

"खोटा बाक असतोय व्हय? वेळ घातलीया बघ. चार चाळीस. चार चाळीसला माझी चिपळूण सुटते. म्हणजे मी फलाटावर आणि पोरगी बाकावर!"

"तो विट्यात बसला होता काका. आणि ही इथं, दोन नंबरला."

"मग एका बाकावर कशी?"

मला हसू येत होतं. मी पाच मिनिटं समजावलं. पण तीस वर्षं गाड्या सोडलेल्या माणसाला, एकच गोष्ट एकाच वेळी विट्यात आणि कराडात कशी असेल ते काही केल्या पटेना. शेवटी त्यांनी हात वर केला.

"बरं. न्हाई बसली. मग बोलत काय होती ते दाव. आत चिठ्ठ्या असतात म्हणं. तुला उघडता येतात म्हणं."

"त्या दोघांतच असतात काका. तशी पाटी लावलीय आम्ही."

"मी बाप आहे तिचा."

त्यांचा आवाज जरा उतरला.

"हे बघ पोरी. मला तमाशा करायचा न्हाई. आमचं सरळ ठरलं होतं. बारावी झाली की डी.एड., मग नोकरी, मग लग्न. आता हे मधीच निघालं. चिठ्ठ्या दाव. वावगं नसलं काही, तर सोमवारी ती कॉलेजात. असलं, तर सोमवारीच दाखला काढतो आणि पाटणला आत्याकडं नेऊन सोडतो. परीक्षा बिरीक्षा काही न्हाई."

"आणि मी नाही दाखवल्या तर?"

"तर परागचा बाप पोराकडनं दावील. उद्या यायलाय न्हवं? आमच्या स्टँडावरच्या गर्दीवर दुकान चालतंय त्याचं. तो नाही म्हणायचा नाही मला."

ते खरं होतं. परागचे वडील कुणालाच नाही म्हणत नसत. दीपाली बोर्डाच्या परीक्षेला बसणार की नाही, हे आत्ता माझ्या हातात होतं.

"पाच मिनिटं काका. मशीन हळू आहे," मी म्हणाले आणि पडदा माझ्याकडं वळवला.

मॉनिटरचं पान उघडलं. दीपाली आणि सुहास, चिठ्ठ्या एक्केचाळीस. एक्केचाळीस! एका चिठ्ठीला एक तास धरला तरी माणूस प्रेमात आकंठ बुडालेलं असणार. वाचायची गरजच नव्हती. एवढ्या चिठ्ठ्या हाती लागल्यावर पाटण चुकत नव्हतं. एखाददुसरी चिठ्ठी पुसता येईल का, म्हणून शोधलं. मॉनिटरला चिठ्ठी उघडता येत होती, पण पुसता येत नव्हती. ती ज्यांची त्यांनीच पुसायची, असं परागनं मुद्दाम करून ठेवलं होतं.

मला पुसता येत होतं ते एकच. तोवर ज्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची साइट होती, त्यांच्या पानावर खाली एक लाल बटण होतं. परागनं शिकवताना सांगितलं होतं, "हे दाबलंस तर सगळं जाईल. बाक, चिठ्ठ्या, माणसं." मी विचारलं होतं, मग ठेवलंयस कशाला? तो म्हणाला होता, मी नाही ठेवलं, ते त्यांचंच आहे, तू फक्त हात लावू नकोस.

मी परागचा विचार केला नाही असं कुणी समजू नये. त्याच्या पुण्याचा केला, सोमवारच्या दोन माणसांचा केला, त्या सहा हजार पोरांचाही केला. सगळ्यांचा विचार करून झाला तरी दीपाली पाटणलाच जात होती. मी बटण दाबलं. मशीननं विचारलं, नक्की का? मी हो म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणाले. चार सेकंदांत पान पांढरं झालं.

"ए तेजू," पाच नंबरवरून कुणीतरी ओरडलं, "बाक गेला की गं!"

"माझा पण!" सहा नंबर म्हणाला.

मी पडदा काकांकडं फिरवला. "काका, चिठ्ठ्या नाहीत."

"न्हाईत म्हणजे?"

"पुसल्या. आत्ता. सगळ्यांच्याच पुसल्या, तुमच्या दीपालीच्या एकटीच्या नाहीत. आता त्या परागच्या बाबांनाही दाखवता येणार नाहीत. कुणालाच नाहीत."

ते पांढऱ्या पडद्याकडं बघत बसले. मी मान खाली घालून तो गाड्या थांबवणारा आवाज कानावर आदळायची वाट बघत होते. आवाज आला तो इतका हळू, की मला नीट ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"मग आता मी वाचू काय?"

ते मला विचारत नव्हते. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेले.

पराग दुसऱ्या दिवशी दुपारी आला, हातात बाकरवडीचा पुडा आणि तोंडावर हसू. मी त्याला दारातच सगळं सांगितलं. हातचं राखून सांगितलं असतं तर पुढं जास्त वाईट झालं असतं.

"सगळंच गेलं?" त्यानं विचारलं.

"सगळंच. तुझ्याकडं दुसरी कॉपी असेल ना?"

कॉपी चार नंबरच्या मशीनमध्ये होती. दिवाळीत त्याला व्हायरस लागला तेव्हा ती गेली आणि नवी करायचं पराग आज-उद्या करत राहिला. त्यानं चार नंबरकडं बघितलं त्यावरून मला ते कळलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "उघडल्यास का तू?"

"नाही."

"एकपण नाही?"

"नाही रे."

त्यानं पुडा फोडला, एक बाकरवडी तोंडात टाकली आणि म्हणाला, "मग पाटी तरी खरी लावली होती आपण." आणि त्यानंतर पंधरा दिवस तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

पुण्याची माणसं आली नाहीत. बघायला काही नसताना ती येतील कशाला? परीक्षेनंतर परागनं साइट पुन्हा उभी केली. तीनशे जण परत आले. तेवढ्यात जगातल्या बड्या साइट आपल्याकडं पोचल्या आणि ते तीनशेही तिकडं गेले. शेवटी बाकावर आम्ही दोघंच उरलो, आणि दोघंही अठराच्या वर. नियमाप्रमाणं कधीच उठायला हवं होतं. पराग आता पुण्यातच आहे, लोकांचा डेटा सांभाळायची त्याची स्वतःची कंपनी आहे. आमचं लग्न बिग्न झालं नाही, उगाच घाई करू नका. त्याची बायको मात्र माझी मैत्रीण आहे आणि ही गोष्ट तिला तोंडपाठ आहे.

आणि दीपाली? दीपाली त्या सोमवारी कॉलेजात आली. माझा जीव भांड्यात पडला. घरी काय झालं, मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिनं परीक्षा दिली, भरपूर मार्क मिळवले आणि डी.एड.ऐवजी राहुरीला शेतकी कॉलेजात गेली. मला वाटलं, मार्क बघून काका विरघळले असतील. सुहासचं नावही पुन्हा निघालं नाही. तेही वयाबरोबर गेलं असेल, असं मी धरून चालले. एका मुलीचं शिक्षण वाचवलं आणि प्रेम बुडवलं, असा माझ्या मनात त्या दिवसाचा निकाल लागलेला होता.

गेल्या वर्षी मी तिच्याकडं फलटणला गेले. तिची डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे, चांगली चार एकरांवर. काका तिच्याकडंच असतात. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज तोच. टेम्पो आला की खुर्चीतून "बारामतीची रोपं दोन नंबरच्या शेडला लावा" असं ओरडतात आणि गडी पळतात. आम्ही दोघी रोपांमधून हिंडत होतो. दीपाली आता हजार माणसांच्या मेळाव्यात भाषण करते.

"एक विचारू?" मी म्हणाले. "तुला सुहास आठवतो का?"

"आठवतो की. त्याच्या बहिणीकडूनच पहिली रोपं आणली मी."

"बहिणीकडून?"

"बाक होता तेव्हा ती राहुरीला शिकत होती. अठरा झाली म्हणून उठताना तिनं बाकावर लिहून ठेवलं होतं, राहुरीचं काही असलं तर भावाला विचारा. म्हणून तर त्याच्याशी ओळख."

मी उभी राहिले. "मग एक्केचाळीस चिठ्ठ्या कसल्या होत्या?"

"तू मोजल्या होत्यास?" ती हसायला लागली. "अगं, मला राहुरीला जायचं होतं. आणि आमच्या अण्णांनी तर डी.एड. ठरवलेलं. अण्णांना कसं सांगायचं, तेच विचारत होते मी. त्याच्या बहिणीनं घरी कसं सांगितलं होतं, ते तो तिला विचारून कळवायचा. मी मसुदा लिहायची, तो सुधारायचा. 'तीर्थरूप अण्णांस' इथून सुरुवात. एकदा तर त्यानं मला पाठ करायला लावला होता. पण समोर उभी राहिले की चहा हवा का, एवढंच विचारून परत यायची मी."

"म्हणजे त्या दिवशी मी दाखवल्या असत्या तरी चाललं असतं?"

"चाललं असतं. त्यांनी वाचल्या असत्या, राहुरीला नाही म्हटलं असतं आणि विषय संपला असता. डी.एड. करून कुठंतरी चौथीला शिकवत असते मी." ती एका रोपाची पानं चाचपत होती. "तू सगळं पुसलंस, हे त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं मला. घरात शिरले, चप्पल काढली आणि सरळ स्वयंपाकघरात आले. आयुष्यात पहिल्यांदा. पाट ओढून माझ्यासमोर बसले. मी भाकरी थापत होते. तोवर अण्णा माझ्याशी 'जेवलीस का' याच्यापुढं कधी बोललेच नव्हते."

"मग कसं सांगितलंस त्यांना?" मी विचारलं. "मसुदा आठवत होता?"

दीपालीनं मान हलवली. शेडच्या पलीकडं काका कुणालातरी पाणी बंद करायला सांगत होते. तिनं तिकडं बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मी कुठं सांगितलं गं? त्यांनीच विचारलं."